कोळसा-द्रवीकरणाच्या अवशेषाचं पृथक्करण जुळत नाही : उणे ऑक्सिजन, शंभरावर बेरीज आणि हलता उष्मांक

तक्रार साधारण अशी येते. कोळशाचं थेट द्रवीकरण केलं, तेल काढून घेतलं, खाली डांबरासारखा काळा अवशेष उरला. बॉयलरमध्ये जाळायला किंवा गॅसिफायरला (इंधनाचा वायू करणाऱ्या भट्टीला) द्यायला तो कितपत चालेल, हे ठरवण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवालात कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, गंधक आणि राख मिळून १०१.५ टक्के, म्हणजे वजाबाकीने काढलेला ऑक्सिजन उणे १.५. द्रावकांनी वेगळे केलेले भाग मिळवले तर १०४. उष्मांक तर एकाच बाटलीतून तीनदा घेतला आणि तिन्ही वेळा वेगळा. पुन्हा चाचणी केली की आकडे बदलतात, जुळत मात्र नाहीत.

यंत्राचं कॅलिब्रेशन तपासाच, पण दोष बहुधा तिथे नसतो. या चाचण्या कोळशासाठी लिहिलेल्या आहेत आणि हा अवशेष कोळसा राहिलेला नाही. तो तापवला की वितळतो, त्याच्यात अतिशय बारीक लोह सल्फाइड पसरलेलं असतं आणि तो द्रावक घट्ट धरून ठेवतो. चुका याच तीन ठिकाणी होतात.

अवशेषात असतं काय

चीनच्या इनर मंगोलियातला ऑर्डोसचा शेनहुआ प्रकल्प घ्या. थेट द्रवीकरणाचा हा मोठा व्यापारी कारखाना २००८ च्या अखेरीस प्रथम चालवला गेला. तिथे कोळशाची पूड, पुन्हा फिरवलेलं हायड्रोजनयुक्त तेल आणि लोहाचा अतिसूक्ष्म उत्प्रेरक एकत्र करून ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास, दोनशे बारच्या घरातल्या दाबाखाली हायड्रोजनशी भिडवतात. मग निर्वात ऊर्ध्वपातनाने तेल काढतात. तळाशी राहणारा अवशेष पंपाने बाहेर काढता यावा म्हणून त्यातलं घन निम्म्याच्या आसपास ठेवावं लागतं. उरलेलं निम्मं जड तेल, अस्फाल्टीन (टोल्युइनमध्ये विरघळतं, हेक्झेनमध्ये नाही) आणि प्रीअस्फाल्टीन (टोल्युइनमध्येही नाही, टीएचएफ म्हणजे टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात मात्र विरघळतं). घन भागात न बदललेला कोळसा, कोळशाची मूळ खनिजं आणि उत्प्रेरकाचं लोह असतं.

हे लोह टाकताना ऑक्साइड किंवा हायड्रॉक्साइड असतं. द्रवीकरणाच्या पात्रात गंधकाशी संयोग होऊन त्याचं पायरोटाइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड होतं. कोळशातल्या पायराइटचंही (दुप्पट गंधकाच्या लोह सल्फाइडचंही) तेच होतं, फक्त त्यातला जवळपास निम्मा गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातो. थेट द्रवीकरणाची सुरुवात करणाऱ्या बर्गियसच्या काळापासून, म्हणजे १९१३ च्या पेटंटनंतरच्या जर्मन प्रयोगांपासून लोहाचं ऑक्साइड या प्रक्रियेत आहे. म्हणून खाली दिलेला हिशेब एका कारखान्यापुरता नाही. स्वस्त लोह उत्प्रेरक वापरून निघालेल्या कोणत्याही अवशेषाला तो लागू पडतो.

ऑक्सिजन उणे का येतो

कोळशाच्या हिशेबात ऑक्सिजन म्हणजे शंभरातून बाकी सगळं वजा. अवशेषात हे चालत नाही, कारण सल्फाइडमधलं लोह राखेत फुगलेल्या वजनाने धरलं जातं. नमुन्यात लोहासोबत गंधक आहे. तो गंधक आपण एकूण गंधकात मोजला. मग राख काढताना तेच लोह हवेतला ऑक्सिजन घेऊन फेरिक ऑक्साइड झालं. हा ऑक्सिजन नमुन्यात नव्हताच, भट्टीतल्या हवेतून आला. तरी तो राखेच्या वजनात बसला.

१ ग्रॅम लोह फेरिक ऑक्साइड झालं की वजन १.४३ ग्रॅम होतं. म्हणजे सल्फाइड रूपातल्या प्रत्येक टक्का लोहामागे बेरीज ०.४३ टक्क्याने फुगते. पायरोटाइटमध्ये लोह-गंधकाचं प्रमाण थोडं इकडेतिकडे असलं तरी हा ०.४३ बदलत नाही, कारण गंधक दोन्ही बाजूंना तेवढाच असतो. दुरुस्ती सरळ आहे:

ऑक्सिजन = १०० − (कार्बन + हायड्रोजन + नायट्रोजन + गंधक + राख) + ०.४३ × सल्फाइडमधलं लोह

समजा कोरड्या अवशेषात कार्बन ७५.२, हायड्रोजन ४.५, नायट्रोजन ०.९, गंधक ३.९, राख १७.० आणि सल्फाइडमधलं लोह ५.० टक्के आहे. बेरीज १०१.५. दुरुस्ती २.१५. खरा ऑक्सिजन ०.६५ टक्का. डुलाँगच्या सूत्राने, म्हणजे मूलद्रव्यांच्या टक्क्यांवरून, उष्मांक ताडून पाहत असाल तर ही दुरुस्ती न केल्यास सूत्राचं उत्तर साधारण ९० किलोकॅलरी प्रतिकिलोने जास्त येतं. मग बॉम्ब कॅलरीमीटर (नमुना बंद पात्रात जाळून उष्मांक मोजणारं यंत्र) कमी दाखवतोय असं वाटू लागतं आणि चांगल्या यंत्राची विनाकारण उघडझाप सुरू होते.

सल्फाइडमधलं लोह किती, हे कसं काढायचं? एकूण लोह राखेतून काढता येतं, पण ८१५ अंशांवर भाजलेलं फेरिक ऑक्साइड हायड्रोक्लोरिक आम्लात सावकाश विरघळतं. तळाशी तांबूस गाळ राहिला तर फ्यूजन करूनच, म्हणजे क्षारासोबत वितळवूनच घ्या. सल्फाइडचा भाग वेगळा काढायला जास्त चांगली वाट आहे. टीएचएफने धुतलेला, सुकवलेला अविद्राव्य भाग नायट्रोजनच्या प्रवाहात हायड्रोक्लोरिक आम्लासोबत उकळा. निघणारा हायड्रोजन सल्फाइड झिंक अॅसिटेटच्या द्रावणात धरा आणि आयोडीन टाकून थायोसल्फेटने उलट अनुमापन करा. इथे निघालेल्या हायड्रोजन सल्फाइडचे मोल आणि सल्फाइडमधल्या लोहाचे मोल सारखे असतात. पायरोटाइटमधला जादा गंधक सुटा गंधक म्हणून मागे राहतो, त्यामुळे तो या मोजणीत येत नाही. म्हणून सापडलेल्या गंधकाचं वजन १.७४ ने गुणलं की सल्फाइडमधलं लोह मिळतं. उत्तर अविद्राव्य भागावरचं आहे. मूळ अवशेषावर आणायला अविद्राव्य भागाच्या प्रमाणाने गुणा. हे काम फ्यूम हूडबाहेर करू नका. हायड्रोजन सल्फाइडचा वास नाकाला लवकर येईनासा होतो, वायू मात्र तिथेच असतो.

सेंद्रिय गंधक अचानक वाढलेला दिसतो

हा त्याच चुकीचा दुसरा चेहरा आहे. कोळशातल्या गंधकाचे प्रकार काढताना आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने सल्फेट, मग नायट्रिक आम्लाने पायराइट काढतात आणि उरलेला तो सेंद्रिय, असं धरतात. पायराइट हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही, म्हणून कोळशासाठी हे ठीक चालतं. पायरोटाइट मात्र विरघळतो. त्याचा गंधक वायू होऊन चाचणीतून निसटतो, सल्फेटमध्येही सापडत नाही, पायराइटमध्येही नाही. मग तो सगळा सेंद्रिय गंधकाच्या नावावर चढतो.

वरच्या उदाहरणात ३.९ टक्के गंधकापैकी सुमारे ३.३ पायरोटाइटमधला आहे आणि सेंद्रिय जेमतेम ०.६. नेहमीच्या पद्धतीने अहवाल येईल तो तीनहून जास्त सेंद्रिय गंधकाचा. आसामच्या माकुम क्षेत्रातल्या कोळशावर काम करणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. तो कोळसा राखेने हलका आणि गंधकाने जड आहे, शिवाय त्यातला बराच गंधक मुळातच सेंद्रिय आहे. तिथे चुकीचा मोठा आकडा खराही वाटतो आणि द्रवीकरणात गंधक काहीच निघाला नाही असा उलटा निष्कर्ष निघतो.

द्रावकांच्या भागांची बेरीज १०४

आधी कोणती बेरीज, ते ठरवा. संपूर्ण द्रवीकरणाचा ताळेबंद कोरड्या, राखविरहित कोळशावर काढला असेल, तर वायू, पाणी, तेल आणि अवशेष यांची बेरीज शंभराच्या वर जायलाच हवी. कोळशाने हायड्रोजन घेतला आहे आणि तो साधारण ४ ते ६ टक्के भरतो. तिथे १०४ बरोबर आहे, नेमकं १०० आलं तर काहीतरी हरवलं आहे.

पण नुसत्या अवशेषाचे हेक्झेन, टोल्युइन आणि टीएचएफने भाग पाडून बेरीज १०४ येत असेल, तर तो दोष आहे आणि बहुतेक वेळा तो टीएचएफकडेच बोट दाखवतो.

पहिलं कारण बाटलीवरच लिहिलेलं असतं. बाजारातल्या टीएचएफमध्ये पेरॉक्साइड होऊ नये म्हणून बीएचटी नावाचं स्थिरक रसायन घातलेलं असतं, बहुधा २५० पीपीएम. सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा नमुन्यावरून फिरवणाऱ्या उपकरणात) २५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे २२२ ग्रॅम टीएचएफ घेतलं तर त्यात साधारण ५५ मिलिग्रॅम बीएचटी असतं. नमुना २ ग्रॅमचा असेल तर हे एकटंच २.८ टक्के भरतं. मध्येच ताजं द्रावक भरलं की दुप्पट. निर्वात ओव्हनमध्ये काही उडून जातं, सगळं नाही. उरलेलं प्रीअस्फाल्टीनच्या वजनात जमा होतं. प्रत्येक वेळी त्याच बाटलीतलं तेवढंच टीएचएफ नमुन्याशिवाय आटवून कोरं वजन काढा आणि वजा करा. स्थिरक नसलेलं टीएचएफ वापरायचं असेल तर पोटॅशियम आयोडाइडच्या पट्टीने पेरॉक्साइड तपासल्याशिवाय तापवू नका आणि फ्लास्क कधीही कोरडा होईपर्यंत आटवू नका.

दुसरं कारण म्हणजे अडकून राहिलेलं टीएचएफ. प्रीअस्फाल्टीनमधले फिनॉलचे गट त्याला धरून बसतात. टीएचएफ ६६ अंशांना उकळतं म्हणून ७० अंशांवर सुकवलं तर भागणार नाही. निर्वात ओव्हनमध्ये १०५ ते ११० अंशांवर ठेवा आणि चार-चार तासांच्या दोन वजनांत ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक येईनासा होईपर्यंत काढू नका. घट्ट, चकचकीत पापुद्रा झाला तर आतलं द्रावक बाहेर पडत नाही. अशा वेळी आटत आलेलं द्रावण भरपूर हेक्झेनमध्ये ओतून प्रीअस्फाल्टीन पूड म्हणून खाली बसवा, गाळा आणि मग सुकवा. उडालेलं तेल परत येत नाही, म्हणून तेलाचा भाग थेट वजनाने सांगण्यापेक्षा वजाबाकीने सांगणं प्रामाणिक आहे.

उलट अविद्राव्य भाग कमी येतो आणि प्रीअस्फाल्टीन जाळल्यावर मुशीत तांबूस राख उरते, तेव्हा थिंबलकडे, म्हणजे नमुना भरायच्या कागदी नळीकडे पाहा. सूक्ष्म लोह आणि चिकणमाती कागदी थिंबलमधून द्रावणात उतरते. शुद्ध प्रीअस्फाल्टीनला राख जवळजवळ नसायला हवी. द्रावण ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन पडद्यातून गाळून घ्या किंवा सेंट्रिफ्यूज करा. थिंबल वापरण्याआधी टीएचएफने धुऊन, सुकवून, डेसिकेटरमध्ये थंड करून तोला. कोरी थिंबल उघडी ठेवली की काही मिनिटांत ओलावा घेते.

सुरुवात थेट हेक्झेनने करणं हीही नेहमीची चूक. अवशेषाचा गोळा हेक्झेनमध्ये भिजत नाही, फक्त वरचं तेल निघतं, आतलं तसंच राहतं आणि पुढे अस्फाल्टीन म्हणून मोजलं जातं. नमुना धुतलेल्या बारीक वाळूत मिसळून थिंबलमध्ये भरा, किंवा आधी टीएचएफमध्ये विरघळवून पुढे टोल्युइन आणि हेक्झेनकडे जा. कोणत्याही वाटेने जा, पण दोन नमुन्यांची तुलना एकाच वाटेच्या आकड्यांवर करा. पेंटेनचं अस्फाल्टीन आणि हेप्टेनचं अस्फाल्टीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टीएचएफमध्ये न विरघळलेला भाग हवेत सुकवू नका. त्यातलं बारीक पायरोटाइट गरम असताना हवेशी भिडलं की वजन वाढतं, सल्फेट होतं, क्वचित पेटही घेतं. निर्वातात सुकवा, नायट्रोजनमध्ये खोलीच्या तापमानाला आणा, मगच उघडा.

रूपांतरण जास्त दिसतं

राखेच्या आधाराने रूपांतरण, म्हणजे कोळशाच्या सेंद्रिय भागापैकी किती टक्के बदलला ते, काढणारे उत्प्रेरकाची राख विसरतात. १०० ग्रॅम कोरडा कोळसा, त्यात ६ ग्रॅम राख आणि वरून १ ग्रॅम लोह घातलं. अविद्राव्य भागात ४६.४ टक्के राख आली. कोळशाचीच राख धरून नेहमीचं सूत्र चालवलं तर रूपांतरण ९२.६ टक्के. पण द्रवीकरणाच्या पात्रात राख ६ नव्हे, ६ + १.४३ = ७.४३ ग्रॅम होती. त्यावरून अविद्राव्य भाग १६ ग्रॅम. त्यातून ६ ग्रॅम खनिज आणि १.६६ ग्रॅम पायरोटाइट वजा केलं की सेंद्रिय ८.३४ ग्रॅम, म्हणजे रूपांतरण ९१.१ टक्के. नसलेला दीड टक्का हातात येतो आणि उत्प्रेरक जितका जास्त घालाल तितका तो वाढतो. लोह वाढवलं की रूपांतरण वाढतं, अशी छान सरळ रेषा काढणाऱ्यांनी ती या दुरुस्तीनंतर पुन्हा काढून पाहावी.

राखेच्या आकड्यात फरक

अवशेष मफल फर्नेसमध्ये जलद तापवला की वितळतो, फुगतो आणि ताटलीच्या कडेवरून बाहेर येतो. वर कडक कवच बनतं, खाली कार्बन अडकतो. थंड झाल्यावर ताटलीत तांबड्या राखेखाली काळी टिकली दिसली तर ती चाचणी रद्द समजा. नमुना १ ग्रॅमऐवजी ०.५ ग्रॅम, रुंद ताटलीत पातळ थराने पसरवा. ५०० अंशांपर्यंत मिनिटाला २ ते ३ अंशांनीच चढवा, तिथे तासभर खेळत्या हवेत थांबा, मग ८१५. ५०० अंशांवरचा हा थांबा फुगणं आवरण्यासाठी आहेच, पण गंधक चुनखडी फुटण्याआधी निघून जावा यासाठीही आहे. घाई केली तर गंधक कॅल्शियम सल्फेट होऊन राखेतच बसतो.

एकाच बाटलीचे तीन उष्मांक

आधी नमुना. वितळलेल्या अवशेषात लोह आणि खनिजं खाली बसतात. ऑटोक्लेव्हच्या तळाचा खरवडा आणि भिंतीवरचा थर यांच्या राखेत मोठा फरक पडतो. शक्य असेल तर वितळलेला असताना ढवळूनच नमुना काढा. थंड झालेल्याचे सगळे तुकडे भरडून चौथाई पद्धतीने कमी करा. रिंग मिलमध्ये सलग दळू नका, पूड गरम होऊन भिंतीला लेपासारखी बसते. बसतो तो तेलकट भाग, चाळणीतून उतरतो तो खनिजाचा. कोरड्या बर्फात थंड करून पंधरा-वीस सेकंदांच्या टप्प्यांत दळा आणि २१२ मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेलं फेकू नका, पुन्हा दळा. हातमोजे घाला, अवशेषात कर्करोगजनक बहुचक्री संयुगं असतात.

मग बॉम्ब. उघडल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला काजळीचा पट्टा किंवा मुशीत काळा गोळा दिसला तर तो आकडा लिहू नका. गोळी करून जाळा. तरीही काजळी येत असेल तर अर्धा ग्रॅम अवशेष आणि अर्धा ग्रॅम बेंझॉइक आम्ल मिसळून गोळी करा, आणि आम्लाची उष्णता प्रमाणपत्रावरच्या आकड्याने, साधारण २६.४३ मेगाज्यूल प्रतिकिलो, वजा करा. ऑक्सिजन ३० बार, बॉम्बमध्ये १ मिलिलिटर पाणी.

गंधकाची दुरुस्ती इथे किरकोळ नाही. बॉम्बमध्ये गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं, बॉयलरमध्ये सल्फर डायऑक्साइड. दोन्हींतला फरक गंधकाच्या दर मिलिग्रॅममागे सुमारे ९.४ ज्यूल आहे. ३.९ टक्के गंधकावर तो ३६७ ज्यूल प्रतिग्रॅम, म्हणजे जवळपास ८८ किलोकॅलरी प्रतिकिलो होतो. हा गंधक बॉम्बच्या धुवणातून मोजू नका. काही सल्फेट राखेसोबत मुशीत अडकतं आणि दुरुस्ती कमी पडते. एश्का पद्धतीने (मॅग्नेशिया-सोडा मिश्रणासोबत भाजून) किंवा उच्च तापमानाच्या ज्वलनाने वेगळा काढा.

पायरोटाइट जळताना उष्णताही देतं, लोह सल्फाइड धरलं तर सुमारे ६.९ मेगाज्यूल प्रतिकिलो. ती खरी उष्णता आहे, उष्मांकातून काढून टाकायची नाही. फक्त तिच्यासोबत धुराड्यात किती सल्फर डायऑक्साइड जाणार, ते खरेदीदाराला त्याच कागदावर दिसलं पाहिजे.

इंधन म्हणून देताना सुटणाऱ्या दोन गोष्टी

राखेचं वितळबिंदू परीक्षण हवेत करून थांबू नका. लोह हवेत फेरिक राहतं आणि राख उंच तापमानाला वितळते. गॅसिफायरच्या क्षपणकारी वातावरणात ते फेरस होऊन सिलिकेटांना वितळवतं, तापमान बरंच खाली येतं. वितळलेली राख वाहून काढणाऱ्या गॅसिफायरला हे सोयीचं, बॉयलरच्या नळ्यांना घातक. दोन्ही वातावरणांतले आकडे द्या.

दुसरी गोष्ट मऊ होण्याच्या तापमानाची. रिंग-बॉल चाचणीत ग्लिसरीनचं कुंड १५७ अंशांपर्यंतच चालतं. अवशेष अनेकदा त्याच्याही वर मऊ होतो, तिथे सिलिकॉन तेल किंवा हवेच्या भट्टीचं स्वयंचलित उपकरण लागतं. हा आकडा माहीत नसताना अवशेष कोळशात मिसळून पल्व्हरायझरला, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीला दिला, तर गरम हवा आत येते त्या तोंडाशीच तो चिकटतो. मिश्रणाचं प्रमाण आणि चक्कीतल्या हवेचं तापमान याच आकड्यावरून ठरवा, उष्मांकावरून नाही.

नमुना महिन्याभराने पुन्हा तपासायचा असेल तर गडद बाटलीत, नायट्रोजन भरून, फ्रीजरमध्ये ठेवा. हवेत ठेवलेल्या नमुन्याचं अस्फाल्टीन हळूहळू टोल्युइनमध्ये विरघळेनासं होतं आणि प्रीअस्फाल्टीन वाढलेलं दिसतं. बाटलीवर नमुन्याच्या तारखेइतकीच ती पहिल्यांदा उघडल्याची तारीखही लिहा.